यंत्र घडवणाऱ्याला टाळ्या, यंत्र चालते ठेवणाऱ्याला तुच्छता

मार्च २०२५ मध्ये देशभरातील विज्ञानवार्तांनी एका कराराचे मनापासून स्वागत केले. मुंबईच्या ‘समीर’ या केंद्रीय संशोधन संस्थेने अन्य संस्थांच्या सहकार्याने विकसित केलेला दीड टेस्लाचा भारतीय एमआरआय स्कॅनर चाचणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसवला जाणार, अशी ती बातमी होती. स्वागत रास्तच होते. अतिसंवाहक चुंबक, रेडिओ लहरींची यंत्रणा, प्रतिमा घडवणारी संगणकप्रणाली हे सारे देशात उभे करणे ही सोपी गोष्ट नव्हे. तपासणी किती स्वस्त होणार आणि आयात किती घटणार, या दोन प्रश्नांभोवती चर्चा फिरली. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. हे यंत्र उद्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात बसले आणि पावसाळ्यातल्या एका रात्री त्याचा चिलर बंद पडला, तर फोन कोण उचलणार?

फोन उचलणारा माणूस या देशाच्या वैज्ञानिक कल्पनेत नाही. त्याला कोणी ‘सेल्सवाला’ म्हणते, कोणी ‘सर्व्हिसवाला’, तर कोणी नुसतेच ‘कंपनीचा माणूस’. शोधनिबंधाच्या लेखकांत त्याचे नाव नसते आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात त्याला जागा नसते. विज्ञान दिनाच्या व्याख्यानात त्याचा उल्लेख झाल्याचे कोणाला आठवणार नाही. वैद्यकीय उपकरणांची विक्री आणि ग्राहकसेवा हे विज्ञान संपल्यावर सुरू होणारे, थोडे हलके आणि थोडे संशयास्पद काम, अशी आपल्या विद्यापीठांची, संशोधन संस्थांची आणि खरेदी विभागांची दृढ समजूत आहे. ही समजूत खोटी आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

पुरावा फार जुना नाही. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५०,००० भारतीय बनावटीच्या व्हेंटिलेटरांसाठी २,००० कोटी रुपये जाहीर झाले. संकटाच्या काळात देशी अभियंत्यांनी इतक्या वेगाने यंत्रे उभी केली, याचे कौतुक झाले. वर्षभरात दुसरी लाट आली आणि यातले अनेक व्हेंटिलेटर राज्याराज्यांतील रुग्णालयांत वापराविना पडून असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १५ मे २०२१ रोजी पंतप्रधानांनी या यंत्रांच्या बसवणुकीचे आणि कार्यस्थितीचे तातडीने ऑडिट करण्याचा आदेश दिला. गरज असेल तेथे आरोग्य कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे, असेही त्या आदेशात होते. त्याच सुमारास पंजाबातील फरीदकोटच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेल्या तक्रारींवर केंद्राचा खुलासा आला. त्याचा आशय असा, की दोष यंत्रांचा नाही. काही रुग्णालयांच्या मध्यवर्ती ऑक्सिजन वाहिनीत आवश्यक तेवढा दाब नाही आणि फ्लो सेन्सर, बॅक्टेरिया फिल्टर, एचएमई फिल्टर ठरलेल्या मुदतीत बदलले जात नाहीत.

यंत्र वाईट की रुग्णालय निष्काळजी, यावर पुढे राजकीय धुळवड झाली. तिच्यात मुद्द्याची गोष्ट हरवली. ऑक्सिजन वाहिनीतील दाब मोजणे हे यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरचे पहिले काम. कोणता फिल्टर कधी बदलायचा हे परिचारिकेला हातात यंत्र देऊन शिकवणे, हे अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्टचे काम. सुटे भाग संपण्याआधी पोचतात की नाही हे पाहणे, हे ग्राहकसेवेचे काम. खुलाशात आणि तक्रारीत जे जे सांगितले गेले, ते सारे या तीन माणसांच्या अखत्यारीतले होते. म्हणजे दोन्ही बाजू ज्या पोकळीवर भांडत होत्या, ती पोकळी या माणसांच्या अनुपस्थितीची होती. यंत्रे ट्रकमधून उतरली. त्यांच्यासोबत यायला हवे होते ते ज्ञान सर्वत्र उतरले नाही.

हा साथीच्या काळातील अपवाद होता, असेही म्हणता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सार्वजनिक रुग्णालयांतील उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा २९,११५ आरोग्य संस्थांतील साडेसात लाखांहून अधिक उपकरणे नोंदली गेली. राज्याराज्यांत त्यांतील १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त होती. ज्या राज्यात प्रमाण सर्वांत वाईट, तिथे दर तीन उपकरणांमागे एक निकामी. यावर उपाय म्हणून २०१५ साली उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला आणि जिल्हा रुग्णालयातील उपकरणे ९५ टक्के काळ, ग्रामीण रुग्णालयातील ९० टक्के काळ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के काळ चालू असलीच पाहिजेत, असे मापदंड ठरले. सरकारला उशिरा का होईना, कळलेले हे सत्य विज्ञानजगताला अजून कळायचे आहे. बंद पडलेले उपकरण ही देखभालीची क्षुल्लक अडचण नसते. ते अर्धवट राहिलेले विज्ञान असते.

या कामात ‘विज्ञान’ कुठे आहे, असे विचारणाऱ्यांनी एमआरआयच्याच खोलीत डोकावावे. चुंबकाची वेटोळी सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला, द्रवरूप हेलियमच्या तापमानाला राखावी लागतात. शीतकरण बिघडले आणि वेटोळ्यांचे तापमान मर्यादेपलीकडे गेले, की अतिसंवाहकता नष्ट होते, साठलेली ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हेलियम उकळून वायू होऊन बाहेर पडतो. याला ‘क्वेंच’ म्हणतात. वायू बाहेर नेणारी नळी नीट नसेल, तर खोलीतील माणसांचा प्राणवायू तुटू शकतो. ही नळी तपासणारा, वीजपुरवठ्यातील चढउतार पाहून चिलरची व्यवस्था सुचवणारा, जमिनीची भारक्षमता आणि शेजारच्या लिफ्टचे लोखंड यांचा हिशेब करणारा माणूस विक्रीच्या आधीच रुग्णालयात येऊन गेलेला असतो. प्रतिमेवर झिपसारखी एक रेघ उमटते. अननुभवी माणूस संगणकाला दोष देतो. जाणकार सर्व्हिस इंजिनिअर खोलीच्या दाराच्या कडेची तांब्याची पट्टी तपासतो, कारण तिथून बाहेरच्या रेडिओ लहरी आत शिरत असतात. हे निदानच आहे. त्याला लागणारे भौतिकशास्त्र पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते ते आणि तेवढेच; फरक इतकाच, की इथे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, एखाद्याच्या मेंदूतील गाठ दिसायची राहते.

तरीही भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा एखादा हुशार विद्यार्थी अशा नोकरीत गेला, की विभागात हळहळ व्यक्त होते. ‘सेल्समध्ये गेला’ हे वाक्य आपल्याकडे शोकसंदेशाच्या सुरात उच्चारले जाते. संशोधक पदांच्या जागा किती, पीएचडीधारक किती, याचा हिशेब ठाऊक असूनही मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्यांना या क्षेत्राची माहिती देत नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच ती नसते. परिणामी ज्या कामाला सखोल वैज्ञानिक तयारीची माणसे हवीत, तिथे ती अपघाताने पोचतात आणि पोचल्यावर अपराध्यासारखी वावरतात. वर्णव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्यांना खालचे स्थान दिले, हे सामाजिक पाप असल्याचे आपल्या प्रयोगशाळा व्याख्यानांतून मान्य करतात. पण विचार करणारा वर, वस्तू घडवणारा मध्ये आणि विकणारा-दुरुस्त करणारा खाली, ही उतरंड त्या स्वतःच्या अंगणात बिनबोभाट जपतात.

या उतरंडीला उत्तर भारतीय विज्ञानाच्या इतिहासातच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप घडली. तीन प्रारूपे अपयशी ठरली, चौथे टिकले आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. ही कथा बहुधा इथेच थांबवली जाते. प्रत्यक्षात ती इथून सुरू होते. टीटीके समूहाने उत्पादन हाती घेतले, म्हणून ती झडप एका संस्थेच्या शस्त्रक्रियागृहाबाहेर पडली. झडपेचा नेमका आकार शस्त्रक्रिया चालू असताना मोजून ठरतो. त्यामुळे सगळे आकार त्या क्षणी शस्त्रक्रियागृहात हजर असावे लागतात. परदेशी झडपेवर हात बसलेल्या शल्यविशारदाला देशी झडपेचा विचार करायला लावणे, तिचे गुण आणि मर्यादा दोन्ही त्याच्यापुढे ठेवणे, बसवल्यानंतरच्या तक्रारी पुन्हा कारखान्यापर्यंत नेणे, हे सारे ‘विक्री’ या एका शब्दात मोडते. ते झाले नसते, तर ही झडप एका उत्तम शोधनिबंधाच्या रूपाने ग्रंथालयात विसावली असती.

उलट उदाहरणही समोर आहे. एका परदेशी कंपनीचा धातूचा कृत्रिम खुबा २०१० साली जगभरातून परत मागवला गेला. भारतात २००४ ते २०१० या काळात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने नंतर शोध घेतला, तेव्हा ३,६०० हून अधिक रुग्णांचा मागच लागला नाही. ज्यांच्या शरीरात सदोष खुबा आहे, ती माणसे कोठे आहेत हेच ठाऊक नाही! कोणता अनुक्रमांक कोणत्या रुग्णाच्या शरीरात गेला याची नोंद ठेवणे, हे ग्राहकसेवेतील सर्वांत कंटाळवाणे काम. त्या कंटाळवाण्या नोंदी धड नसल्या की काय होते, याचे यापेक्षा भीषण उदाहरण शोधायची गरज नाही. जगातील उत्तम धातुशास्त्र त्या हरवलेल्या रुग्णांच्या कामी येत नाही. एक नीट भरलेली नोंदवही आली असती.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. ‘या क्षेत्रात भ्रष्टाचार आहे. कंपनीचा माणूस डॉक्टरांना भेटी देतो, परिषदेच्या नावाखाली सहली घडवतो, गरज नसलेली यंत्रे गळ्यात मारतो.’ असे घडत आले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर नियंत्रण आले, तेव्हा औषध सोडणाऱ्या स्टेंटची सरासरी छापील किंमत सुमारे १,२१,००० रुपये होती. ती २९,६०० रुपयांवर आणली गेली. मधल्या फरकात कोणाकोणाचे हात ओले होत होते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्याही वर होता आणि त्याचा मोठा वाटा रुग्णालयांच्या तिजोरीत जात होता.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मात्र उफराटा आहे. काम भ्रष्ट होते म्हणून भल्या आणि जाणत्या माणसांनी तिथे जाऊ नये, असे म्हणणे म्हणजे ते काम कायमचे भ्रष्टांच्या हाती सोपवणे. दोष मुख्यतः रचनेत आहे. विक्री प्रतिनिधीच्या उत्पन्नाचा मोठा भाग तिमाही टार्गेटवर अवलंबून असतो. तोच माणूस इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत तांत्रिक साहाय्यासाठी उभा राहतो, कोणता आकार, कोणता स्क्रू, कोणते साधन हे सुचवतो. ज्याची कमाई बसवलेल्या नगांच्या संख्येवर ठरते, त्याचाच सल्ला रुग्णाच्या उघड्या सांध्याशेजारी घेतला जातो. त्याच्या सचोटीवर सारा भार टाकून कंपनी आणि रुग्णालय दोघेही मोकळे होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी समान आचारसंहिता आणली, ही स्वागतार्ह गोष्ट. मात्र तिच्या अंमलबजावणीची मदार कंपन्यांच्या स्वयंघोषणेवर आणि उद्योगसंघटनांच्याच नीतिसमित्यांवर आहे. चोराने चोरी केली नाही असे प्रतिज्ञापत्र चोराच्याच भावकीने तपासावे, तशातला हा प्रकार.

कायदा या माणसाकडे कसा पाहतो, तेही पाहावे. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा लागतो. वैद्यकीय उपकरणे विकण्यासाठी २०२२ साली नोंदणीची तरतूद झाली, तेव्हा विक्रेत्याच्या ‘सक्षम तांत्रिक कर्मचाऱ्या’ची पात्रता अशी ठरली: कोणत्याही शाखेची पदवी, किंवा फार्मासिस्ट म्हणून नोंदणी, किंवा बारावी उत्तीर्ण आणि उपकरणविक्रीचा एक वर्षाचा अनुभव. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांचे जोखमीनुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग केले. कापसाच्या बोळ्याच्या जोखमीत आणि हृदयाच्या झडपेच्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे नियमांना कळते. ते विकणाऱ्याच्या पात्रतेतही तसाच फरक हवा, हे मात्र कळत नाही.

असे होऊ शकत नाही, असेही नाही. जिथे इच्छा होती तिथे ते झाले आहे. किरणोपचार केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना हवा असेल, तर पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असावाच लागतो. यंत्र महाग की स्वस्त, देशी की विदेशी, याने त्या अटीत फरक पडत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने २००३ पासून सोनोग्राफी यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला विकण्यास मनाई केली आहे, आणि यंत्रे कोणाला विकली याची यादी उत्पादकाने दर तीन महिन्यांनी शासनाला द्यायची आहे. म्हणजे विक्रेता हा नुसता दुकानदार नव्हे, एका सामाजिक अनर्थाच्या वाटेवरचा पहारेकरी आहे, हे देशाच्या कायद्याने एका ठिकाणी मान्य केले आहे. ते एक ठिकाण नियम व्हावे, अपवाद राहू नये, इतकीच मागणी आहे.

ती मागणी स्पष्ट शब्दांत अशी. क आणि ड वर्गातील उपकरणांची विक्री, बसवणूक आणि शस्त्रक्रियेतील तांत्रिक साहाय्य करणाऱ्यांसाठी विषयनिहाय पात्रता आणि व्यक्तिगत नोंदणी असावी; गैरवर्तनाबद्दल ती रद्दही व्हावी. शस्त्रक्रियागृहात उभ्या राहणाऱ्या माणसाचे उत्पन्न बसवलेल्या नगांशी बांधलेले नसावे. सरकारी खरेदीत सर्वांत कमी बोलीची पूजा थांबावी आणि यंत्राच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च, चालू राहण्याची हमी, सुटे भाग पोचण्याची मुदत यांना गुण असावेत. स्वस्तात घेतलेले आणि दोन वर्षांनी कापडाखाली झाकलेले यंत्र सर्वांत महाग पडते. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात चालतो. सर्व्हिस इंजिनिअरच्या वहीतील रुग्णसुरक्षेशी संबंधित प्रत्येक बिघाड तिथपर्यंत पोचणे सक्तीचे व्हावे. बिघाड सर्वांत आधी त्यालाच कळतो आणि तो दडपण्याचा दबावही सर्वांत आधी त्याच्यावरच येतो.

आणि संशोधन संस्थांसाठी एक वेगळी मागणी. उपकरण विकसनासाठी अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात एका प्रश्नाचे उत्तर असावे: हे यंत्र बंद पडल्यावर ते कोण, किती तासांत, कोणत्या भागांनिशी सुरू करणार? उत्तर नसेल, तर तो प्रस्ताव उपकरणाचा नव्हे, शोधनिबंधाचा आहे, असे समजावे आणि त्याला तसे अनुदान द्यावे. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक सत्र एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या उपकरण विभागात काढावे. सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांनी उद्यापासून बॅग खांद्याला लावून रुग्णालये हिंडावीत, असे कोणी म्हणत नाही. पण ज्याला त्या कामाची ओढ आहे, त्याला विभागातून निरोप देताना चेहरे पडू नयेत.

२०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाने भारताला या क्षेत्रात जगाच्या अग्रभागी नेण्याचे स्वप्न पाहिले आहे. विशाखापट्टणमला उपकरणनिर्मितीची नगरी उभी आहे, उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी ३,४२० कोटी रुपयांची योजना आहे. कारखाने उभे राहतील, यंत्रे बाहेर पडतील, फिती कापल्या जातील. मात्र रुग्ण फीत पाहायला येत नाही. तो रात्री अडीच वाजता येतो, आणि त्या वेळी यंत्र चालू आहे की बंद, एवढाच विज्ञानाचा अर्थ त्याच्यापुरता उरतो. तो अर्थ ज्याच्या हातात आहे, त्याला वैज्ञानिक म्हणायला लाजणाऱ्या देशाने आत्मनिर्भरतेच्या घोषणा जरा हळू आवाजात द्याव्यात.